रंग आधी की ग्लू आधी: १/७२ स्पिटफायर पुरं करताना

प्लास्टिक मॉडेलच्या सूचनापत्रकावरचे आकडे जोडणीच्या क्रमाचे असतात. रंगाचं त्यात इतकंच असतं की भागाशेजारी एक क्रमांक छापलेला असतो. एअरफिक्स या किट कंपनीच्या पत्रकात तो हम्ब्रोल या रंगकंपनीचा क्रमांक असतो. कोणता रंग हे त्यावरून कळतं, कधी लावायचा हे कळत नाही. म्हणून पहिलं किट घेणारे बहुधा दोनपैकी एक करतात. काहीजण सगळं विमान जोडून टाकतात आणि मग कॉकपिटमध्ये ब्रश शिरत नाही. बाकीचे लोक सगळे भाग फ्रेमवर, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर, असतानाच रंगवून काढतात आणि जोडताना अर्धा रंग ग्लूबरोबर निघून येतो.

स्पिटफायर मार्क १ हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. एअरफिक्सचं त्याचं १/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, किट मी मेअखेरीस उघडलं आणि ते सप्टेंबरमध्ये स्टँडवर चढलं. मधला बराचसा वेळ सुकण्याची वाट बघण्यात आणि पावसात गेला. कोणता भाग कोणत्या टप्प्यावर रंगवला आणि का, ते क्रमाने लिहितो. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ३६ फूट १० इंच, म्हणजे या मापात साधारण १५६ मिलिमीटर. छोटं काम आहे, पण रंगाच्या वेळेचे जवळपास सगळे प्रश्न यात येतात.

खरेदीपासून सुरुवात करू. किट सुमारे १,२०० रुपयांना पडलं. तामियाचं एक्स्ट्रा थिन सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचा पातळ ग्लू, ५०० च्या आसपास, सांधे भरायची पुटी ४००, प्रायमरचा स्प्रे कॅन ९००, मास्किंग टेप ३००, डिकॅल (विमानावर चिकटवायची छापील चिन्हं) बसवायची दोन द्रावणं मिळून ९००. रंगाची १० मिलीची एक बाटली साधारण २५० रुपये. रंग फवारायचा एअरब्रश आणि त्याचा छोटा कॉम्प्रेसर आधीपासून होता; नव्याने घेतला तर साधा सेट सहा-आठ हजारांत येतो. दुकानागणिक किमती बदलतात. एक गोष्ट मागवण्याआधी माहीत असावी: लॅकर थिनर, स्प्रे कॅन यांसारखा ज्वलनशील माल हवाई कुरिअरने जात नाही. दुसऱ्या शहरातलं दुकान तो रस्त्यानेच पाठवतं, म्हणजे आठवडा-दीड आठवडा धरायचा. किट हातात आलं आणि थिनर वाटेत आहे, असं होणारच. तो वेळ पत्रक वाचण्यात घालवला तर सत्कारणी लागतो.

पत्रकावर पेन्सिलने खुणा केल्या. प्रत्येक भागापाशी तीन प्रश्न विचारायचे. जोडल्यावर तिथे ब्रश किंवा फवारा पोचेल का? सांध्याची रेघ त्या भागावरून जाते का, म्हणजे तिथे पुटी आणि पॉलिश पेपर चालणार आहे का? आणि शेजारच्या भागाचा रंग त्याच्याहून वेगळा आहे का? पोचणार नसेल तर गोल: आधी रंगवायचा. सांधा भरायचा असेल तर फुली: आधी जोडायचा, मग रंगवायचा. पोचतंय, सांधाही दिसत नाही, पण रंग वेगळा आहे, तर चौकोन: सुटा रंगवून अगदी शेवटी लावायचा.

स्पिटफायरच्या पत्रकावर गोल मिळाला तो कॉकपिटच्या सगळ्या भागांना, धडाच्या दोन्ही अर्ध्यांच्या आतल्या बाजूला आणि पंखाखालच्या रेडिएटरच्या आतल्या जाळीला. फुली: धड, पंख, शेपटाचे आडवे पंख. चौकोन: पंखा (नाकावरचा प्रोपेलर) आणि त्याचं टोपण, चाकं, चाकांचे पाय आणि झाकणं, इंजिनाचे एक्झॉस्ट, अँटेनाचा खांब, वेग मोजणारी पिटो नळी. राहिली कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण. ती तिन्हींत बसत नाही, तिच्याबद्दल पुढे.

ही वाटणी विमानाची. १/३५ च्या रणगाड्यात जवळजवळ सगळ्याला फुली मिळते, कारण बाहेरून एकच रंग असतो. चाकांचे रबर आणि पट्टे तेवढे सुटे ठेवायचे. मोटारीचं उलट आहे. बॉडी सुटी रंगवून, चकाकी घासून झाल्यावरच काचा आणि आतला भाग बसवायचा. क्रोम चढवलेल्या भागांना ग्लू लागतच नाही, सांध्याच्या जागचं क्रोम आधी खरवडावं लागतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या फ्रेम भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुतल्या आणि रात्रभर वाळत ठेवल्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश राहिला असेल तर रंग तिथे धरत नाही. हे दहा मिनिटांचं काम असूनही बहुतेकजण टाळतात.

फ्रेमवर ठेवूनच रंगवायचं की कापून, याचं उत्तर गेट कुठे आहे यावर ठरतं. भाग फ्रेमला जिथे जोडलेला असतो ती जागा कापल्यावर तिथे उघडं प्लास्टिक दिसतं, शिवाय बारीक उंचवटा राहतो तो घासावा लागतो. गेट लपणाऱ्या कडेवर असेल तर भाग फ्रेमवरच रंगवावा. धरायला आयती मूठ मिळते. चाकाच्या पायासारखा भाग असेल, ज्याच्या अंगभर साच्याची रेघ गेलेली असते, तर तो कापून, रेघ ब्लेडच्या पाठीने खरवडूनच रंगवायला हवा. मग त्याला टूथपिकच्या टोकावर ब्लू टॅकने (परत काढता येणाऱ्या चिकट लगद्याने) चिकटवायचं आणि टूथपिक थर्माकोलच्या तुकड्यात खोचायची. ब्लू टॅक तिथेच लावायचा जिथे पुढे ग्लू लागणार आहे. धरायची सोय होते आणि सांधाही रंगापासून वाचतो.

कॉकपिटचा रंग राखाडीकडे झुकणारा हिरवा. हम्ब्रोलचा ७८ त्यासाठीच सांगितलेला असतो. अॅक्रिलिकमध्ये तामियाचा एक्सएफ-७१ जवळचा आहे, जरी तो जपानी नौदलाच्या विमानांसाठी काढलेला असला तरी. मी धडाच्या दोन्ही अर्ध्यांच्या आत, जमीन आणि मागची भिंत यांवर एकदम फवारला. फवारण्याआधी दोन अर्धे जिथे एकमेकांना भिडतात त्या कडांवर मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावल्या. कारण असं की, प्लास्टिकचं सिमेंट हे चिकट पदार्थ म्हणून काम करत नाही. ते पॉलिस्टायरीन विरघळवतं, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकच प्लास्टिक उरतं. मधे रंगाचा थर असेल तर रंगच रंगाला चिकटतो. पुढे धड दाबताना किंवा घासताना तो सांधा उकलतो. टेप लावली नसेल तर जोडण्याआधी कडा ब्लेडने खरवडून प्लास्टिक उघडं करायचं.

पुढचं ब्रशचं काम: मीटरचं पॅनेल काळं, त्याला डिकॅल असेल तर खाली ग्लॉस आणि वर मॅट, सीटवरचे पट्टे मातकट. ब्रशने लावायला मी व्हॅलेजोचे रंग वापरतो. तामियाचं अॅक्रिलिक फवाऱ्यात उत्तम, पण ब्रशने दुसरा हात मारला की खालचा हात विरघळून ओढला जातो, विशेषतः उन्हाळ्यात घाईने मारला तर. १/७२ मध्ये कॅनपी बंद ठेवणार असाल तर कॉकपिटवर फार वेळ घालवू नका. सीट, पट्टे आणि पॅनेलचा वरचा भाग एवढंच दिसतं.

इथेच एक धोका आहे. एक्स्ट्रा थिन पाण्यासारखं पातळ असतं आणि फटीतून आपोआप ओढलं जातं. रंगवलेल्या जमिनीच्या कडेला ब्रश टेकवला की ते रंगाखाली पळतं आणि रंग सुरकुततो. म्हणून रंगवलेले भाग बसवताना ब्रश निथळून घ्यायचा, ग्लू न दिसणाऱ्या बाजूने लावायचा आणि बोट सांध्यावर ठेवायचं नाही. बोटाखाली ग्लू शिरला तर बोटाचा ठसा प्लास्टिकमध्ये कायमचा उमटतो.

धड बंद करण्याआधी पंख कोरडे लावून पाहिले. खालचा पंख टोकापासून टोकापर्यंत एकसंध आहे आणि वरचे दोन सुटे. कॉकपिटची जमीन किंचित वर बसली तर ती खालच्या पंखाला अडते आणि पंखाच्या मुळाशी फट पडते. आतून अर्धा मिलिमीटर घासलं की प्रश्न मिटतो. तेच धड बंद झाल्यावर कळलं तर ती फट पुटीने भरावी लागते. शेपटाचं चाक काही किटांत दोन अर्ध्यांच्या मधेच अडकवायचं असतं. ते नंतर आतून ढकलता येईल का हे याच वेळी बघा. येत असेल तर पत्रकाचा क्रम मोडून मागे ठेवा, नाहीतर घासताना हमखास तुटतं.

रेडिएटरचं खोकं मार्क १ मध्ये उजव्या पंखाखाली, तेलाचा कूलर डाव्या. खोक्याच्या आतली जाळी गडद धातूच्या रंगात आधी रंगवली, खोकं पंखाला चिकटवलं, बाहेरचा रंग विमानाबरोबर. एकाच भागाला गोल आणि फुली दोन्ही मिळू शकतात ते असं.

जूनअखेरीस धड आणि पंख जोडून झाले. सांध्याला दोन दिवस हात लावला नाही. सिमेंट बोटाला कोरडं लागतं तेव्हाही आतलं प्लास्टिक मऊ असतं; लगेच घासलं तर आज सपाट दिसलेला सांधा आठवड्याने आक्रसून खड्डा दाखवतो, तोही रंग झाल्यावर. पुटीचं तेच. मग ४००, ६०० आणि शेवटी १००० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून. घासताना पुसल्या गेलेल्या पॅनेल रेषा, म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या बारीक खाचा, स्क्राइबरने परत कोरल्या.

घासून झाल्यावर कॅनपीकडे. पारदर्शक भाग रंगाच्या आधी लावायचा की नंतर, यावर दोन पक्ष आहेत. नंतर लावली तर आतला भाग सुरक्षित राहतो, पण समोरची विंडस्क्रीन आणि धड यांच्यातली फट तशीच दिसते, कारण रंग झाल्यावर ती भरता येत नाही. खऱ्या विमानात विंडस्क्रीन धडाशी एकजीव असते. म्हणून विंडस्क्रीन आधी लावावी आणि सरकणारा मागचा भाग, उघडा दाखवायचा असेल तर, शेवटी. मी तेच केलं. चिकटवायला फेव्हिकॉल एमआर वापरला. तो पांढरा लावला तरी सुकल्यावर जवळजवळ पारदर्शक होतो, फटीत ओल्या ब्रशने सारखा करता येतो, आणि काचेवर सांडला तर पाण्याने पुसता येतो. इन्स्टंट ग्लू इथे आणायचाच नाही. त्याची वाफ काचेवर पांढरी धुकट साय आणते आणि ती आतल्या बाजूने आली तर निघत नाही.

मग काचेवर टेप चिकटवून चौकटीच्या कडेने नव्या ब्लेडने कापली. चौकटीवर आधी कॉकपिटचा हिरवा फवारला, मगच पुढे प्रायमर आणि बाहेरचा रंग. काचेतून आत बघितलं की चौकटीची आतली बाजू हिरवी दिसते, आत ब्रश न घालता. उघडं कॉकपिट ओल्या टिश्यूने बुजवलं. फवाऱ्याचा उडालेला रंग त्यालाच चिकटतो.

आता प्रायमर, आणि जुलै उजाडलेला. स्प्रे कॅनमधलं लॅकर उडून जाताना पृष्ठभाग गार करतं. हवा दमट असेल तर त्यावर पाण्याचे सूक्ष्म कण जमतात आणि रंगावर पांढुरकं बुरशीसारखं पटल येतं. कोकणपट्टीच्या पावसात हे ठरलेलं. एअरब्रशने फवारत असाल तर थिनरमध्ये थोडं रिटार्डर घालता येतं, द्रावक सावकाश उडतो आणि पटल येत नाही. स्प्रे कॅनमध्ये ती सोय नाही. हवा उघडायची वाट बघायची, एवढाच उपाय.

ते दिवस चौकोनवाल्या भागांना दिले, कारण ब्रशच्या अॅक्रिलिकला दमट हवेचं फारसं वावडं नाही. पंख्याच्या पात्यांना चार इंचांची पिवळी टोकं असतात, या मापात १.४ मिलिमीटर. टोकं आधी पांढरी, मग पिवळी, सुकल्यावर १.४ मिलिमीटर टेपने झाकायचं आणि बाकीचं पातं काळं. उलट केलं तर काळ्यावर पिवळा चार हात मारूनही हिरवट दिसतो. चाकांचा मधला भाग आधी, टायर नंतर: गडद राखाडी रंग पातळ करून ब्रशचं टोक टायर आणि चकतीच्या मधल्या खाचेला टेकवलं की तो खाचेतून स्वतःच गोल फिरतो. टायरला निव्वळ काळा नको, इतक्या लहान मापात तो भोकासारखा दिसतो. एक्झॉस्ट बाहेरून खाचेत बसतात का हे कोरडं लावून पाहिलं. बसत असतील तरच सुटे ठेवावेत.

इनॅमल वापरणाऱ्यांसाठी: पावसाळ्यात डब्यावर लिहिलेल्या वेळेवर जाऊ नका. भाग नाकाशी धरा. वास येतो तोवर रंग सुकलेला नाही आणि त्यावर टेप लावायची नाही.

ऑगस्टच्या मध्यावर दोन कोरडे दिवस मिळाले आणि प्रायमर झाला. राखाडी प्रायमर म्हणजे सांध्यांची तपासणी. नुसत्या प्लास्टिकवर न दिसणारी चीर इथे दिसते. नाकाच्या वरच्या रेघेवर परत पुटी, परत घासणं, तेवढ्यावरच परत प्रायमर. म्हणूनच फुलीवाले भाग आधी रंगवायचे नसतात. घराला गिलाव्याआधी रंग द्यावा तसं ते होतं.

रंगाचा क्रम फिक्याकडून गडदाकडे. जून १९४० पासून फायटर विमानांना खालून स्काय हा फिका हिरवट रंग आला. त्याआधी खालचा डावा पंख काळा, उजवा पांढरा असे. तुमच्या डिकॅलचं विमान कोणत्या महिन्याचं आहे ते पाहून ठरवा. काळा-पांढरा असेल तर पांढरा आधी. मी स्काय घेतला, तामियाचा एक्सएफ-२१, रंग आणि थिनर समसमान, दाब साधारण १५ पीएसआय. चाकांच्या खोबणीही याच रंगात, याच वेळी, म्हणजे वेगळं मास्किंग नको. खोबणीतली पायांची भोकं मात्र टूथपिकचं टोक खोचून बंद ठेवली. भोकात रंग गेला तर पाय बसत नाही आणि बसवलाच तर धरत नाही.

एक दिवस सोडून खालची बाजू झाकली. वर आधी तपकिरी, एक्सएफ-५२. तो पुरता वाळल्यावर नक्षीचा तपकिरी भाग झाकून हिरवा, एक्सएफ-८१. नक्षीची कड मऊ ठेवायची की धारदार, यावर लोक तासन्‌तास बोलतात. हिशेब सोपा आहे: खऱ्या विमानावर कड एक इंच मऊ असली तरी या मापात ती ०.३५ मिलिमीटर होते. साध्या टेपची कड पुरे. टेप आधी तळहातावर एकदा चिकटवून काढायची, चिकटपणा कमी होतो; आणि काढताना ती स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाशी समांतर ओढायची. हार्डवेअरच्या दुकानातली मास्किंग टेप मोठ्या जागा झाकायला चालते, रंगाच्या कडेला नको. तिची कड फाटकी असते.

यानंतर ग्लॉस वार्निश. मॅट रंग सूक्ष्मपणे खडबडीत असतो, त्यावर डिकॅल लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते. गणपतीत डिकॅल बसवली, दोन दिवस वाळू दिली, त्यावर परत ग्लॉसचा पातळ हात, मग पॅनेल रेषांत गडद तपकिरी इनॅमल वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग. खाली अॅक्रिलिक आणि वर इनॅमल असल्याने पुसताना खालचा रंग हलत नाही. वॉशला एक पूर्ण दिवस देऊन मॅट वार्निश.

चौकोनवाले भाग आता लागले, तळापासून वर. भोकांतल्या टूथपिक काढून आधी पाय, मग चाकं, झाकणं. पाय अर्धवट सुकलेले असतानाच समोरून आणि वरून बघून सरळ केले. मग एक्झॉस्ट, पंखा, पिटो नळी, कॅनपीचा मागचा भाग आणि सर्वांत शेवटी अँटेनाचा खांब. खांब आधी लावला तर तो टेपबरोबर जातो. पायांच्या टोकांवरचा रंग खरवडला होता, त्यामुळे तिथे सिमेंट चाललं. पिटो आणि खांबाला इन्स्टंट ग्लूचा टिपका, टूथपिकच्या टोकाने; सिमेंट इथे शेजारचा मॅट रंग चकचकीत करतं. हा ग्लू लावताना कॅनपी बंद करून ठेवायची नाही, वाफ बाहेर जायला वाट हवी.

विंडस्क्रीनवरची टेप सगळ्यात शेवटी काढली. चौकटीच्या कडेला कुठे रंगाचा पापुद्रा उचललेला दिसला तर ब्रश लावू नका. लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून ओलं करा आणि त्याने तो पापुद्रा काचेवरून सरकवा, ओरखडा पडत नाही. गेटच्या कापलेल्या जागा आणि चिमट्याने उडालेले टवके भरायला मूळ रंगाचे काही थेंब वेगळ्या डबीत ठेवलेले असावेत. टच-अप सुकल्यावर तेवढ्याच जागी ब्रशने मॅट वार्निशचा टिपका द्यावा लागतो, नाहीतर दिव्याखाली तो ठिपका वेगळा चमकतो.